माणसांचा फेरफार

पत्र आलं तेव्हा बीबीजान रुद्राणीअव्वाला न्याहारी भरवत होती, आणि पत्र कुणाचंही असो, न्याहारी अर्धी सोडून उठणारी ती बाई नव्हती. अव्वाची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने गेलेली. दुधात कुस्करलेल्या भाकरीचा लहानसा घास उजव्या गालात ठेवायचा, हनुवटी दोन बोटांनी जरा खाली धरायची आणि घास गळ्याखाली उतरलेला दिसल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, अशी रीत. घाईने समोरून कोंबला की घास श्वासाच्या वाटेला लागायचा आणि म्हातारीचे डोळे पांढरे व्हायचे. एका वाटीला पाऊण तास लागत असे.

गेवराईहून तलवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या दोन फडांच्या मधे, हा सायंसेवा वृद्धाश्रम. बावीस म्हातारेकोतारे आणि त्यांच्यावर पाच कर्मचारी. पाचांमध्ये पहिले अधीक्षक मृत्युंजयअप्पा. अप्पा तसे देवमाणूस, पण कागदाला फार भ्यायचे. घरी बायकोचं ऐकायचे नाहीत, आश्रमात डॉक्टरचं ऐकायचे नाहीत, पण ज्या कागदाच्या डोक्यावर जावक क्रमांक असेल त्याच्यापुढे अप्पांची मान आपोआप लवायची. त्यांनी पत्र व्हरांड्यात उभं राहून मोठ्याने वाचलं.

वरच्या कार्यालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. वृद्धांची सेवा करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे लसीचे दोन्ही डोस महिनाअखेर झालेले असावेत. प्रमाण शंभर टक्के असावं, नव्व्याण्णव चालणार नाही. प्रमाणपत्र नसलेल्या कर्मचाऱ्याला फाटकाच्या आत घेऊ नये. घेतल्यास संस्थेची मान्यता काढण्यात येईल. खाली सही होती आणि ती रिवाजाप्रमाणे कुणाला वाचता येत नव्हती.

“बावीसच्या बावीस म्हाताऱ्यांचे दोन-दोन डोस झाले,” अप्पा कपाळावर हात मारून म्हणाले. “माझे झाले, झाडलोटीच्या उज्ज्वलाचे झाले. राहिले कोण, तर तुमी तिघं. आता शंभर टक्के मी कुठून आणू? घरून?”

तिघांपैकी स्वयंपाकीण शिवम्माने पहिला डोस घेतला होता. दुसऱ्या दिवशी दंड सुजला, भाकरी थापता येईना, म्हणून अप्पांनी स्वतः खिचडी केली. त्या खिचडीचं नाव निघालं की म्हातारे अजून गप्प होत. दुसऱ्या डोसाला मग शिवम्माला कुणीच पाठवलं नाही. पहारेकरी बंकटला फाट्यावर कुणीतरी सांगितलं होतं की सुई घेतल्यावर चाळीस दिवस दारूला शिवायचं नाही. बंकटने विचार केला आणि करोना परवडला असं ठरवलं. तिसरी बीबीजान. ती फक्त “मला न्हाई घ्यायची” एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. का, ते तिला कुणी विचारलं नाही. अप्पांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की त्यांच्या मोहल्ल्यात काहीतरी उठलं असणार. फॉर्मातही कारणाचा रकाना नव्हता, मग विचारून लिहायचं कुठे?

कारण साधं होतं. तिचा नवरा जलालुद्दीन मांजरसुंब्याच्या डोंगरातली सीताफळं आणून गेवराईच्या स्टँडवर विकायचा. लसीची मोहीम निघाली तेव्हा रांगेत पहिला जाऊन बसला, फोटो काढून घेतला, घरी आला आणि आठव्या दिवशी पाटी भरता भरता खाली बसला तो उठला नाही. डॉक्टरांनी तिला जुने कागद उघडून नीट समजावलं होतं. छातीचं दुखणं चार वर्षांचं होतं, गोळ्या त्याने मधेच सोडल्या होत्या, सुईचा काही संबंध नव्हता. बीबीजानला ते पटलंही होतं. पटून काय उपयोग? डोकं मानत होतं, दंड मानत नव्हता.

*

एक तारखेला अप्पांनी फाटकाला आतून कडी घातली. शिवम्मा आणि बंकट मुकाट्याने रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली जाऊन बसले. बीबीजान फाटकाचे गज धरून उभी राहिली.

“अप्पा, अव्वाला घास उजव्या गालात द्यायला सांगा उज्ज्वलाला. हनुवटी खाली. घाई न्हाई करायची.”

“सांगतो, सांगतो. आमाला काय घास देता येत न्हाई का?”

तिसऱ्या घासाला आतून ठसका ऐकू आला. मग उज्ज्वलाची किंकाळी. मग पाठीवर थापट्या मारल्याचा आवाज आणि बऱ्याच वेळाने म्हातारीचं धापा टाकणं. बीबीजानने गज इतके घट्ट धरले होते की गंजाचे वळ हाताला उठले. उज्ज्वला रडत बाहेर आली आणि आपण पुन्हा वाटीला हात लावणार नाही म्हणाली. दुपारी अप्पांनी स्वतः प्रयत्न केला. अव्वाने तोंडच उघडलं नाही.

तिचं तसंच होतं. रुद्राणीअव्वा गेवराईच्या मोठ्या भुसार दुकानदाराची बायको. नवरा गेला, दुकानाच्या वाटण्या झाल्या, दोन्ही मुलांनी दुकान वाटून घेतलं आणि आईला कुणीच वाटून घेतलं नाही. आश्रमात आली तेव्हा गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे आणि तोंडात हुकूम. पहिलं वर्षभर तिने बीबीजानच्या हातचं पाणी घेतलं नाही, पेला उज्ज्वलाने आणला तरच घ्यायची. मग झटका आला. महिनाभर कुणाच्याच हातून तिच्या पोटात अन्न टिकेना. बीबीजानने रोज आठ-दहा घास वाया घालवत ती उजव्या गालाची वाट शोधून काढली. त्यानंतर अव्वाने दुसऱ्याच्या हातचं खाणं सोडलं.

संध्याकाळी चारला अप्पांनी पत्र पुन्हा एकदा चष्मा पुसून वाचलं. “फाटकाच्या आत घेऊ नये असं लिहिलंय,” ते हळूच म्हणाले. “बाहेर भरवू नये असं कुठं लिहिलंय?”

त्यातल्या त्यात धडधाकट चार म्हाताऱ्यांनी अव्वाची खाट उचलली आणि अंगण ओलांडून फाटकाशी आणून टेकवली. बीबीजानने बाहेरून गजांमधून हात घालून हनुवटी धरली आणि पाऊण तासात वाटी संपवली. त्या दिवसापासून खाटेची ही पालखी सकाळ-संध्याकाळ निघू लागली. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यात थांबायचे. त्यावरची पोरं गाणं बंद करून बघत बसायची. कुणी विचारायचं, “काय झालं बे, म्हातारी जेलात हाय का ती बाई?” बंकट बाभळीखालून उत्तर द्यायचा, “दोघी बी न्हाईत. शासनाचं काम चालू हाय.”

दुसऱ्या दिवशी बीबीजान गेवराईला सरकारी दवाखान्यात गेली. कुणी पाठवलं नव्हतं, आपली आपण गेली. उन्हात खाटेवर पडलेली अव्वा तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. नंबर घेतला, बाकावर बसली. आत निळी प्लास्टिकची खुर्ची होती. जलालुद्दीनच्या फोटोत तो जिच्यावर हसत बसलाय तसलीच. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती रस्त्याला लागलेली होती. घरी येऊन तिने स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा फाटकाशी येऊन उभी राहिली.

चौथ्या दिवशी कुणीतरी मोबाईलवर फाटकाचा व्हिडिओ घेतला आणि अप्पांची पाचावर धारण बसली. “आता हे जगभर होणार! मान्यता गेली म्हणून समजा!”

तेव्हा मोहनराव पुढे आले.

*

मोहनराव म्हणजे आश्रमातले एकोणऐंशी वर्षांचे रहिवासी आणि निवृत्त तलाठी. कानाला कमी ऐकू येई, पण कागदाची कुजबुज त्यांना लांबून कळे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, बोटाने ओळी मोजल्या आणि सुपारी कातरत बसले.

“अप्पा, कर्मचाऱ्यांचे डोस पायजेत. रहिवाशांबद्दल कागद काय म्हणतो?”

“काहीच न्हाई. रहिवाशांचे झालेत ना सगळ्यांचे.”

“मग झालं तर. ज्यांचे डोस झालेत ते कर्मचारी. ज्यांचे न्हाई झाले ते रहिवासी. फेरफार घ्यायचा.”

अप्पा घाबरून म्हणाले, “मोहनराव, जमिनीचा फेरफार ऐकलाय. माणसांचा कधी ऐकला न्हाई.”

“नोकरीत मी ओढा एका सर्व्हे नंबरातून दुसऱ्यात नेलता,” मोहनराव म्हणाले. “माणसं त्या मानानं हलकी असतात.”

आणि त्यांनी वही ओढली. तलाठ्याचा हात तो. चाळीस वर्षांची सवय अशी की फेरफारात फक्त कब्जेदाराचं नाव बदलायचं. गट नंबर, क्षेत्र, आकार आपापल्या जागी राहतात. त्यांनी तेच केलं. कर्मचारी यादीत ‘स्वयंपाकी, वय ४४’ याच्यापुढून शिवम्मा खोडून स्वतःचं नाव घातलं. ‘पहारेकरी, वय ३८’ याच्यापुढे बंकटच्या जागी सटवा पैलवान, जो आता काठीशिवाय न्हाणीपर्यंतही जात नसे. ‘परिचारिका, वय ५१’ याच्यापुढे रुद्राणीअव्वा. रहिवाशांच्या यादीत उलट. नऊ नंबरची ओळ होती, ‘स्त्री, वय ८१, अर्धांगवायू, उठता येत नाही, नातेवाईक संपर्कात नाहीत’. तिथे नाव पडलं, बीबीजान जलालुद्दीन.

बीबीजानने गजातून ती वही वाचली. सातवी शिकलेली होती, वाचता चांगलं येई.

“मोहनराव, मी एक्क्याऐंशीची? माझं वय तर लिवा.”

“वय ओळीचं असतं बाई, माणसाचं न्हाई. वय बदललं की खाडाखोड दिसते.”

“आन् हे नातेवाईक न्हाईत कावून लिवलं? माझा सद्दाम हाय की पुण्यात. गॅरेजात हाय.”

“कधी आलता?”

बीबीजानने तोंड उघडलं. जलालुद्दीन गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाला आलता, त्याच दिवशी रात्रीच्या गाडीने गेलता. त्यानंतर ईद आली, बकरीद आली. ईदला फोन तरी आला होता, बकरीदला तोही नाही. ती मनात पुढे-मागे करत राहिली आणि मोहनराव टोपण हातात धरून थांबले.

“राहू द्या तसंच,” ती म्हणाली.

अप्पांनी फाटक उघडलं. कर्मचारी म्हणून बाहेर काढलेली तिघं रहिवासी म्हणून सन्मानाने आत आली. शिवम्माने थेट चुलीकडे धाव घेतली. बीबीजानने अव्वाची खाट पुन्हा खिडकीशी नेली, तिचं उन्हाने करपलेलं कपाळ ओल्या फडक्याने पुसलं आणि तिच्या कानात म्हणाली, “अव्वा, आजपासून तुमी माझी सेवा करायची हाय. सरकारी हुकूम हाय.” अव्वाच्या तोंडाची उजवी बाजू हसली.

*

तपासणीला साहेब आले. तरुण होते, थकलेले होते, त्या दिवसातली त्यांची ही सहावी संस्था होती. बरोबर एक फोटोग्राफर, केळ्यांची फणी आणि वाटपाच्या घोंगड्या. हातातल्या कागदावर एकच प्रश्न होता: प्रमाणपत्रावरचं नाव यादीतल्या नावाशी जुळतं का. वय जुळतं का, असा प्रश्न वरून आलेला नव्हता, त्यामुळे त्यांनी तो विचारला नाही.

“स्वयंपाकी?”

मोहनराव हातात उलथनं घेऊन उभे राहिले. दोन डोस. बरोबर.

“पहारेकरी?”

सटवा पैलवान काठी टेकत पुढे आला. साहेबांना काठी पहाऱ्याची वाटली. दोन डोस. बरोबर.

“परिचारिका?”

सगळे खाटेकडे बघायला लागले. अव्वा उताणी पडून छताकडे पाहत होती.

“रात्रपाळी झालीय, साहेब,” मोहनरावांनी आवाज खाली आणून सांगितलं. “बावीस माणसांचं करायचं म्हणजे...”

“झोपू द्या, झोपू द्या,” साहेब कुजबुजले. त्यांनाही झोपायचं होतं.

मग वाटप. बंकट माकडटोपी घालून गरजेपेक्षा जास्त खोकत होता. शिवम्मा डोक्यावर पदर घेऊन बसली होती आणि तिच्या हाताचं पीठ लपत नव्हतं. नऊ नंबरच्या ओळीपाशी साहेब थांबले. बीबीजान सांगितल्याप्रमाणे भिंतीला टेकून, डावा हात लुळा सोडून बसलेली होती.

“एक्क्याऐंशी! आजी, तब्येत छान ठेवलीत. जेवण वेळेवर मिळतं ना?”

“मिळतं,” बीबीजान म्हणाली. बावीस माणसांना तीच वाढत होती, तिला माहीत नसेल तर कुणाला. साहेबांनी तिच्या खांद्यावर घोंगडी पांघरली, हातात केळं दिलं आणि फोटोग्राफरने तिला जरा दीनवाणं बघायला सांगितलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण साहेब मनाने चांगले निघाले. “रात्रपाळीच्या बाईंनापण द्या एक केळं,” ते म्हणाले, “उपाशी झोपल्या असतील.” अप्पांची बुद्धी साहेबांपुढे नेहमीच फिरायची. त्यांनी केळं सोललं आणि परिचारिका जागी आहे हे दाखवायच्या घाईत चांगला मोठा तुकडा समोरून अव्वाच्या तोंडात सारला.

अव्वाने एकदा हिसका दिला आणि आवाज बंद झाला. ओठ निळे पडायला लागले.

अर्धांगवायूची एक्क्याऐंशी वर्षांची आजी घोंगडी भिरकावून दोन खाटांवरून उडी मारून आली. तिने अव्वाला कुशीवर वळवलं, पाठीत दोन सणसणीत थपडा दिल्या, लुळ्या हाताची दोन बोटं तोंडात घातली आणि केळ्याचा गोळा बाहेर काढला. अव्वाने खरखरीत श्वास घेतला. बीबीजान तिला छातीशी धरून बसली आणि अप्पांकडे बघून ओरडली, “उजव्या गालात! किती डाव सांगू, उजव्या गालात!”

अप्पांना मान्यता जाताना डोळ्यांपुढे दिसली. साहेब बीबीजानकडे बघत होते, हातातल्या यादीकडे बघत होते, पुन्हा बीबीजानकडे बघत होते.

“उठता येत नाही, असं लिहिलंय,” ते हळूच म्हणाले.

“येत नव्हतं, साहेब,” मोहनराव म्हणाले. “आमच्याकडं येईपर्यंत.”

साहेबांनी तपासणी अहवालात शेरा लिहिला तो अप्पांनी पुढे प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावला. लसीकरण शंभर टक्के. संस्थेतील सेवेचा दर्जा असा की अर्धांगवायूचे रुग्ण स्वतःहून उठून कर्मचाऱ्यांची शुश्रूषा करतात.

*

फोटो पेपरात आला, पेपरातून मोबाईलवर गेला आणि मोबाईलवरून पुण्याला. तिसऱ्या दिवशी सद्दामचा फोन आला. बीबीजानने पदराला हात पुसून घाईघाईने उचलला.

“अम्मी, हे काय? वृद्धाश्रमात घोंगडी घेतलीस? मला इथं सगळे विचारतायत. लोक काय म्हणतील मला?”

“कागदावर हाय बेटा, खरं न्हाई. मी कामालाच हाय. तू कसा हायस? जेवलास?”

“कागदावर का असेना! माझं नाव जातंय यात.” मग तो आणखी बरंच बोलला, शेजाऱ्यांबद्दल आणि सासुरवाडीबद्दल. अम्मी कशी आहे हे विचारायचं त्याच्या लक्षात आलं नाही, आणि ‘येतो’ हा शब्दही त्यात नव्हता. बीबीजानने फोन ठेवला. तिला राग आला होता आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती, कारण नऊ नंबरची ओळ तिला खोटी म्हणता येत नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाला दुसरं पत्र आलं. लस घेणे ऐच्छिक आहे. कुणालाही सक्ती करू नये. फाटकावर अडवू नये. पूर्वी अडवले असल्यास का अडवले याचा खुलासा आठ दिवसांत पाठवावा. अप्पांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. सही तीच होती.

त्याच आठवड्यात नर्सताई म्हाताऱ्यांना तिसरा डोस द्यायला आल्या. आता कुणावर कसलीच सक्ती नव्हती. अव्वाचा दंड उघडा करून बीबीजान तिचं डोकं धरून बसली, तेव्हा अव्वाने मान हलवली. झटक्यानंतर तिचं बोलणं इतरांना नुसता घरघराट वाटे. बीबीजानला शब्द न् शब्द कळायचा.

“तू कावून घेत न्हाईस गं?” अव्वाने विचारलं.

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. अप्पांनी विचारला नव्हता, साहेबांनी नव्हता, दोन्ही पत्रांनी नव्हता. बीबीजानला एकदम रडू फुटलं. मग तिने सांगितलं. सीताफळांची पाटी, निळी खुर्ची, फोटोतलं हसणं. “सुईनं न्हाई गेला ते मला ठावं हाय अव्वा. पर मला त्या खुर्चीत बसवत न्हाई.”

अव्वाने आपला चालता उजवा हात खाटेवर थापटला. खुर्चीत नको, इथे बस. बीबीजान खाटेच्या कडेला बसली. अव्वाने तिचा हात धरला तो आपल्या वयाला न शोभेल इतका घट्ट, आणि नर्सताईंनी बीबीजानला सुई दिली. शंभर टक्क्यांत ती धरली गेली नाही. शंभर टक्के केव्हाच झाले होते.

*

राहिला प्रश्न फेरफार उलटा करायचा. मोहनराव म्हणाले, नावं परत बदलतो, दहा मिनिटांचं काम. पण याद्या आता वहीत राहिल्या नव्हत्या, कॉम्प्युटरवर चढल्या होत्या. कार्यालयातून बजरंग नावाचा कारकून लॅपटॉप घेऊन आला.

“कर्मचारी काढता येतो,” तो म्हणाला, “निवृत्त दाखवला की झालं. रहिवासी असा काढता येत न्हाई. तीनच कारणं हायत. मयत, दुसऱ्या संस्थेत बदली, न्हाईतर नातेवाइकाच्या ताब्यात.”

“मयत सोपं पडतं,” मोहनराव अनुभवाने म्हणाले.

“मयत माणसाला परत नेमणूक देता येत न्हाई.”

“आमच्या वेळी येत हुती.”

शिवम्माला तिच्या भावाने सही करून ताब्यात घेतलं. बंकटची बायको आली, तिने आधी त्याला शिव्या दिल्या आणि मग सही दिली. बीबीजानने सद्दामला फोन केला. सद्दामने फॉर्म मोबाईलवर मागवून वाचला. त्यात हमीपत्र होतं: सदर व्यक्तीस मी घरी नेईन, दोन्ही वेळ जेवू घालीन, शेवटपर्यंत सांभाळीन. “अम्मी, हे सही करण्यासारखं न्हाई,” तो म्हणाला. “उद्या कुणी कोर्टात दाखवलं तर? बघू, नंतर बघू.”

“महिनाअखेर नाव निघालं न्हाई,” बजरंगने सांगितलं, “तर ह्या रहिवासीच राहणार. आणि रहिवाशाकडून काम करून घेणं गुन्हा हाय. एक तारखेपासून एजन्सीची बाई येईल. ह्यांनी घास भरवलेला दिसला तर अप्पा, तुमच्यावर येईल.”

म्हणजे बीबीजानने खाटेवर बसून राहायचं आणि कुणी परकी बाई अव्वाच्या तोंडात समोरून घास कोंबताना बघायचं. तीस तारीख उजाडली. बजरंग सकाळीच लॅपटॉप उघडून बसला. बीबीजानने पदराच्या टोकाने तीनदा फोन पुसला. तो वाजला नाही. न्याहारीची वाटी थंड होत होती आणि आज पहिल्यांदाच ती वाटी उचलायला तिचा हात धजत नव्हता.

खाटेवरून घरघर आली.

“काय म्हणतात?” अप्पांनी विचारलं.

बीबीजान खाटेपाशी वाकली. “म्हणतायत, तो कागद हिकडं आणा.”

मोहनरावांनी पाट आडवा धरला, अप्पांनी कागद धरला. रुद्राणीअव्वाने पेन मुठीत पकडलं. भुसार दुकानाच्या मालकिणीची सही ती, वाकडी आली पण ठसठशीत आली. खाली रकाना होता, ताब्यात घेणाऱ्याशी नाते. तिथे ती बराच वेळ काढत बसली. दोन अक्षरं उमटली: लेक.

बजरंगने डोकं खाजवलं. “पर ह्या तर कर्मचारी...”

“कर्मचाऱ्याला नातेवाईक नसावेत असा नियम हाय का?” मोहनरावांनी विचारलं.

“न्हाई.”

“धर्माचा रकाना हाय? आडनाव जुळावं असा?”

“न्हाई.”

“मग टाईप कर.”

बजरंगने टाईप केलं. आई, वय एक्कावन्न. लेक, वय एक्क्याऐंशी. लॅपटॉपवर गोल गोल फिरलं. अप्पांनी डोळे मिटून घेतले. मग हिरवी खूण आली, नऊ नंबरचं नाव निघालं. ज्या कॉम्प्युटरला जिवंत माणसाचा अंगठा चारदा ओळखू येत नाही, त्याने आईपेक्षा तीस वर्षांनी थोरली लेक एका दमात मान्य केली.

बीबीजान कागद हातात घेऊन हमीपत्र वाचत होती. घरी नेईन. दोन्ही वेळ जेवू घालीन. शेवटपर्यंत सांभाळीन. खाली ती वाकडी सही. जिला घर नव्हतं, जिला कूस बदलायलाही माणूस लागायचं, तिने हे सगळं लिहून दिलं होतं. बीबीजानला अक्षरं दिसेनाशी झाली.

तिने डोळे पुसले आणि वाटी उचलली. तोच अव्वाने मान फिरवली, तोंड मिटून घेतलं आणि उजवा हात वाटीत घातला. दूध चादरीवर सांडलं. तिने भाकरीचा घास केला आणि बीबीजानच्या तोंडाशी धरला.

“आदी तू,” ती म्हणाली, आणि हे मात्र सगळ्यांना कळलं.

बीबीजानने घास घेतला. तो गळ्याखाली उतरलेला दिसेपर्यंत अव्वाने दुसरा उचलला नाही.